निकाल माहीत असलेली मॅच

परवा रविवारी पहाटे पाच वाजता आई पाणी प्यायला उठली आणि हॉलमध्ये मला लॅपटॉपसमोर बघून दचकलीच. तिला वाटलं, पुन्हा ऑफिसचं काहीतरी पडलं. (आमच्या घरात सर्व्हर 'पडतो' हे आता आईलाही माहीत झालंय.)

"कॉल आलाय का रे?"

"नाही गं. मॅच बघतोय."

"लाइव्ह आहे का?"

"नाही. २००३ ची आहे."

"मग कोण जिंकलं ते माहीत असेल ना तुला?"

"हो."

"मग जागतोयस कशाला?"

एवढं बोलून ती उत्तराची वाट न बघता आत निघून गेली. बरंच झालं, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतंच. म्हणजे जागण्याचं कारण होतं, पण त्याचा मॅचशी संबंध काय हे मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. कारण असं की सोमवारी संध्याकाळपर्यंत मला मॅनेजरला एक नाव द्यायचं होतं. माझ्या टीममधलं. अप्रेझलचा सीझन आहे, त्यामुळे नाव कशासाठी ते आयटीवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. अशा माणसाला आधी 'सुधारणा योजना' देतात, आणि तीन महिन्यांनी बहुतेक वेळा निरोप समारंभाचा केक.

आता मॅचबद्दल. ही अमेरिकन फुटबॉलची, त्यातही कॉलेज फुटबॉलची मॅच. आईचं यावर जुनं मत आहे की नाव फुटबॉल आणि सगळं हातानं, म्हणजे या लोकांचं काही खरं नाही. मीही २०१९ मध्ये एमएस करायला गेलो तेव्हा याच मताचा होतो. गेलो ते मॅनहॅटनला. आमच्या आत्यानं अर्ध्या सातारा रोडला सांगून टाकलं की पोरगं न्यूयॉर्कला गेलं. प्रत्यक्षात हे मॅनहॅटन कॅन्ससमधलं. भोवती फ्लिंट हिल्सची गवताळ टेकाडं, आणि जेमतेम ५४ हजार वस्तीचं गाव. गावाचं लाडकं नाव 'लिटल ॲपल'. आणि या ५४ हजारांच्या गावात ५० हजार माणसांचं स्टेडियम! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे.

कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीची ही टीम. तिकडे कॉलेजच्या टीमला नुसतं टीम म्हणत नाहीत, 'प्रोग्रॅम' म्हणतात. म्हणजे खेळाडू, कोच, मैदान, पैसा, नवीन पोरं शोधून आणायची यंत्रणा, सगळं मिळून प्रोग्रॅम. पोरं चार-पाच वर्षांनी पदवी घेऊन निघून जातात, प्रोग्रॅम मागे उरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपर येतात-जातात, कोड बेस तोच राहतो, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी करून ठेवलेल्या घाणीसकट :-)

माझे घरमालक एक म्हातारबाबा होते. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर शेती केलेले, बोलायला कमी. २६ ऑक्टोबर २०१९ ला त्यांच्या मुलाला यायला जमलं नाही म्हणून त्याचं तिकीट मला मिळालं. समोर ओक्लाहोमा, देशात पाचव्या नंबरची टीम. आमची टीम ४८-४१ नं जिंकली आणि पोरं कठड्यांवरून उड्या मारत मैदानात घुसली. मीही निघालो होतो. बघतो तर म्हातारबाबा आपले जागेवरच, हात मांडीवर ठेवून शांत बसलेले. मी म्हटलं, "यू ओके?" ते म्हणाले ते मला मराठीतच आठवतं: "इथं मी अशी वर्षं काढलीत की आम्ही जिंकणं मोजायचं सोडून दिलं होतं. फर्स्ट डाऊन मोजायचो."

फर्स्ट डाऊन म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा नवे चार प्रयत्न, त्याला म्हणायचं फर्स्ट डाऊन. नाही सरकले तर बॉल समोरच्याकडे. स्कोअरबोर्डवर फर्स्ट डाऊनचे गुण शून्य. पण ते घेत गेल्याशिवाय गुण मिळवायच्या जागेपर्यंत पोचता येत नाही.

म्हातारबाबांचं ते वाक्य डोक्यात राहिलं आणि मग मी या टीमचा इतिहास वाचायला लागलो. थिसिस बाजूला, हे पुढे. (गाईड हे वाचणार नाहीत अशी आशा आहे.)

१९८८ च्या शेवटी कॅन्सस स्टेट ही अमेरिकेतली सगळ्यात बेकार टीम होती. हे माझं मत नाही. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडनं १९८९ मध्ये तिच्या नालायकीवर मोठा लेखच छापला होता. ५०० मॅचेस हरलेली पहिली मोठी टीम. आदल्या २७ मॅचेसमध्ये २६ हार आणि एक बरोबरी. सीझननंतर चांगल्या टीम्सना ज्या खास मॅचेसचं आमंत्रण येतं, त्या बोल गेम्सपैकी आख्ख्या इतिहासात एक, १९८२ ची, तीही हरलेली. बिग एट नावाच्या आठ युनिव्हर्सिट्यांच्या गटात हिला ठेवायचं तरी कशाला, इथपर्यंत बोलणी होत होती. आणि त्या गटातून बाहेर पडणं म्हणजे पैसा गेला, नाव गेलं, पाठोपाठ विद्यार्थी गेले.

अशा वेळी जॉन वेफल्ड या प्रेसिडेंटच्या कारकिर्दीत आयोवाहून बिल स्नायडर नावाचे ४९ वर्षांचे असिस्टंट कोच आले. हेड कोच म्हणून युनिव्हर्सिटीतला हा त्यांचा पहिलाच जॉब. आल्या आल्या त्यांनी पहिल्या भाषणात सांगितलं की कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा कायापालट करायची संधी इथं आहे. लोकांनी ते किती मनावर घेतलं असेल याची कल्पना करा. आमच्याकडे दर नव्या व्हीपीच्या टाउनहॉलला आपण घेतो, तितकंच.

पहिल्या वर्षी म्हणजे १९८९ मध्ये काय झालं? पहिल्या तीन मॅचेस हरले. न जिंकण्याची मालिका तिसावर गेली. ३० सप्टेंबरला नॉर्थ टेक्सासविरुद्ध अगदी शेवटच्या प्ले-वर पास पकडला गेला आणि २०-१७ नं जिंकले. गावात दिवाळी. आणि त्यानंतर? उरलेल्या सातही मॅचेस हरले. वर्षाचा हिशोब १-१०.

इथं मी बराच वेळ अडकलो होतो. आदल्या वर्षी ०-११, या वर्षी १-१०. एक्सेलमध्ये टाकलं तर फरक एका सेलचा. एखाद्यानं त्या डिसेंबरात वेफल्ड यांना विचारलं असतं की साहेब, वर्षभरात काय मिळालं, तर दाखवायला काय होतं? एक विजय, तोही नॉर्थ टेक्सासवर.

पण खाली, स्कोअरबोर्डवर न दिसणारं, बरंच काही हललं होतं. स्नायडरनी सोळा ध्येयांची एक यादी केली होती. त्यात अमुक मॅच जिंका, तमुक किताब जिंका असं काही नाही. रोज थोडं सुधारा, चुका कमी करा, एकजूट ठेवा, सातत्य ठेवा असली साधी, शाळेच्या फळ्यावर शोभतील अशी वाक्यं. टीमचं चिन्ह बदललं. एका स्थानिक चित्रकाराकडून नवीन जांभळं 'पॉवरकॅट' काढून घेतलं, जे आज त्या गावात हार्डवेअरच्या दुकानापासून बाळाच्या लाळेऱ्यापर्यंत सगळीकडे दिसतं. मदतनीस कोच म्हणून बॉब स्टूप्ससारखी तरुण माणसं आणली. स्वतः हा माणूस मध्यरात्रीपर्यंत ऑफिसात बसून मॅचेसच्या फिल्म्स बघायचा आणि दिवसातून एकदाच जेवतो अशी त्याची ख्याती. (हे मात्र कुणी घरी करू नये. मी दोन दिवस करून बघितलं, तिसऱ्या दिवशी ॲगीव्हिलमध्ये दोन पिझ्झे एकट्यानं संपवले.)

आणखी एक गोष्ट केली, जी लोकांना फारशी आवडत नाही. गटाबाहेरच्या मॅचेस निवडायचा अधिकार युनिव्हर्सिटीकडे असतो, तिथं त्यांनी सोपे प्रतिस्पर्धी निवडले. पुढे वर्षानुवर्षं लोक यावरून टोमणे मारत होते. पण ज्या पोरांना जिंकणं म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांना आधी झेपेल असं काहीतरी जिंकायला द्यावं लागतं, हे मला तरी पटतं. तसंच दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांतून, मोठ्या टीम्सनी न घेतलेली पोरं त्यांनी आणली. म्हणजे सबुरी होती, पण हातावर हात ठेवून बसलेली नव्हती.

पुढचे आकडे बघा. १९९० मध्ये ५-६. १९९१ मध्ये ७-४. वा! आणि १९९२ मध्ये? पुन्हा ५-६. ग्राफ खाली. मला या सगळ्या गोष्टीत १९९२ हे वर्ष सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १-१० ला सगळेच सबुरी दाखवतात, कारण अपेक्षाच नसते. खरी परीक्षा चौथ्या वर्षी, आशा लागल्यावर पुन्हा घसरलात की. तेव्हा कुणी त्यांना काढलं नाही. १९९३ मध्ये टीम ९-२-१ झाली आणि कॉपर बोलमध्ये वायोमिंगला ५२-१७ नं हरवलं. तिथून सलग अकरा वर्षं बोल गेम. १९९८ मध्ये नेब्रास्काला हरवलं, १९६८ नंतर पहिल्यांदा. त्याच वर्षी देशात पहिला नंबर, आणि गटाच्या फायनलमध्ये चौथ्या क्वार्टरला २७-१२ पुढे असताना टेक्सास ए अँड एमकडून डबल ओव्हरटाइममध्ये ३६-३३ हार. म्हातारबाबा त्या मॅचबद्दल बोलत नसत. आमच्याकडे मियाँदादच्या त्या सिक्सरबद्दल बाबा बोलत नाहीत, तसंच.

आणि मग मी पहाटे बघत होतो ती मॅच. ६ डिसेंबर २००३, कॅन्सस सिटी. समोर पुन्हा ओक्लाहोमा, एकही मॅच न हरलेली, पहिल्या नंबरची. त्यांचा कोच कोण? तोच बॉब स्टूप्स, स्नायडरांच्याच हाताखाली तयार झालेला. ओक्लाहोमानं आधी ७-० आघाडी घेतली. मग डॅरेन स्प्रोल्स नावाचा बुटका पोरगा असा काही सुटला की २३५ यार्ड धावला, आणि निकाल ३५-७. गटाचं विजेतेपद, १९३४ नंतर पहिलं. स्नायडर आल्यापासून पंधरावा सीझन.

पंधरा सीझन! आमच्याकडे पंधरा दिवसांचा एक स्प्रिंट असतो.

आता माझी भानगड. मी २०२४ मध्ये परत आलो. एच-वन-बीच्या लॉटरीत तीनदा नाव टाकलं, तिन्ही वेळा लागलं नाही. (तीन प्रयत्न, शून्य यार्ड.) इथं पुण्यात नोकरी लागली आणि गेल्या जुलैत मला टीम लीड केलं. मी खूश. मग कळलं की टीम कुठली. रात्री हिशोब जुळवणाऱ्या जॉब्सची सपोर्ट टीम, सात जण. दोन वर्षांत तीन लीड बदललेले. डॅशबोर्ड कायम लाल. कँटीनमध्ये आमच्या टीमला 'डबा' म्हणतात, आणि तो जेवणाचा नव्हे. आमची पोरं टीमचं नाव विचारलं की फक्त कंपनीचं नाव सांगायची.

मी म्हटलं, अरेच्चा, ही तर आपली कॅन्सस स्टेट! काय उत्साह होता सांगू. दोन महिन्यांत डॅशबोर्ड हिरवा करायचं मी मॅनेजरला सांगूनही बसलो. कुणी विचारलं नव्हतं, तरी. आठ महिने झाले, डॅशबोर्ड लालच आहे.

आणि नोव्हेंबरात ती चूक झाली. टीममध्ये सोलापूरचा एक मुलगा आहे. लॉकडाऊनमधल्या बॅचचा. इंजिनिअरिंगची जवळजवळ दोन वर्षं मोबाईलवर लेक्चर ऐकून काढली, पहिली नोकरीही घरूनच सुरू झाली. शेजारी बसून कुणी काही शिकवलंय असं त्याच्या आयुष्यात घडलंच नाही. प्रश्न विचारायला घाबरतो. अडला तर तीन दिवस गप्प बसून राहतो, मग एकदम सॉरी म्हणतो. त्यानं केलेल्या एका बदलामुळे एका रात्री हजारो एंट्र्या दोनदा पडल्या. क्लायंट पेटला. दोन दिवस आम्ही कुणी घरी गेलो नाही. मेल्समध्ये सगळीकडे त्याचं नाव फिरलं.

मॅनेजरला जे नाव हवं होतं ते उघड होतं. तो स्पष्ट बोलला नाही, पण म्हणाला, "तुला माहितीये मी कुणाबद्दल बोलतोय. टीम बिल्ड करायची तर कधीतरी कठोर व्हावं लागतं रे."

इथं मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी आजवर ऑफिसात मोठ्यानं बोललेलो नाही. तो बदल रिव्ह्यूला माझ्याकडे आला होता. संध्याकाळचे सात वाजले होते, मला मित्रांबरोबर बाहेर पडायचं होतं, मी वरची दोन पानं बघितली आणि ॲप्रूव्ह दाबलं. चूक चौथ्या पानावर होती.

म्हणजे झोप का उडाली होती ते आता कळलं असेल.

तरी मी स्वतःशी प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडून बघितली. सबुरी, सबुरी म्हणून आपण नुसते भित्रे तर नाही ना? स्नायडरांच्या आधीच्या कोचलाही तीन सीझन मिळाले होते. त्यांचा हिशोब २-३०-१. नुसता वेळ दिल्यानं टीम उभी राहत असती तर तीही राहिली असती. आणि आजकाल तर सबुरीची गरजच काय, असं म्हणायला जागा आहे. पूर्वी कॉलेजच्या खेळाडूला एक वर्ष नुसतं सराव करत बसवून ठेवत, त्याला 'रेडशर्ट' म्हणतात. ते वर्ष त्याच्या चार खेळायच्या वर्षांत धरत नाहीत. म्हणजे सबुरी चक्क नियमातच लिहिलेली. आता २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आलंय, २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, एका उन्हाळ्यात अर्धी टीम बदलता येते. इंडियाना युनिव्हर्सिटी बघा. हरण्यात कॅन्सस स्टेटच्याच जातकुळीची. २०२३ मध्ये ३-९. मग कर्ट सिग्नेट्टी हा कोच आला, आपले जुने खेळाडू बरोबर घेऊन आला, आणि २०२४ मध्ये ११-२. २०२५ च्या सीझनमध्ये तर एकही मॅच न हरता थेट राष्ट्रीय विजेतेपद! दोन वर्षांत. आमचा मॅनेजर फुटबॉल बघत असता तर त्यानं मला हीच स्लाइड दाखवली असती.

पहाटे मी याच स्लाइडशी भांडत होतो. मग सिग्नेट्टी आधी काय करत होता ते आठवलं. २०११ मध्ये तो अलाबामासारख्या बलाढ्य टीममध्ये असिस्टंट होता. ती नोकरी सोडून तो पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या, दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत खेळणाऱ्या टीमचा हेड कोच झाला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर! तिथं सहा सीझन, मग एलॉनला दोन, मग जेम्स मॅडिसनला पाच. तेरा सीझन. इंडियानाला जी पोरं तो घेऊन गेला ती त्यानं आधीच्या ठिकाणी घडवलेली. म्हणजे सबुरी लागलीच होती. फक्त ती जिथं चालली होती तिथं कॅमेरे नव्हते. दुसऱ्याकडून तयार माणूस घ्या, उत्तम, पण त्या माणसाच्या पहिल्या चुका कुणीतरी कुठेतरी सहन केलेल्याच असतात. तो 'कुणीतरी' व्हायला आपल्याला नको असतं, एवढंच.

आणि घाई काही फुकट नसते. टेक्सास ए अँड एमनं २०२३ मध्ये आपल्या कोचला मधेच काढलं तेव्हा उरलेल्या कराराचे ७ कोटी ५० लाख डॉलर्सहून जास्त द्यायची पाळी आली. नेब्रास्कानं २००३ मध्ये ९-३ वर असलेल्या कोचला घरी पाठवलं, कारण नऊ विजय कमी वाटले! त्यानंतर आजतागायत ते गटाचं विजेतेपद शोधतायत. जिंकायची सवय लागली की सबुरी आधी आटते.

मग नुसती वाट बघणं आणि सबुरी यांत फरक काय? माझ्यापुरतं उत्तर म्हातारबाबांच्या वाक्यातच होतं, मला ते सहा वर्षांनी कळलं. वाट बघणारा काहीच मोजत नाही. सबुरीवाला मोजतो, पण वेगळं काहीतरी मोजतो. आज हलू शकेल असं. आणि ते हललं नाही तर मान्य करतो की हललं नाही.

आणि मी? आठ महिने डॅशबोर्डकडे बघत होतो. लाल की हिरवा. फर्स्ट डाऊन मोजलेच नव्हते. उजाडेपर्यंत बसून जुने तिकिटांचे रेकॉर्ड काढले. तोच जॉब त्याच कारणानं पुन्हा पडला असं ऑगस्टमध्ये महिन्यातून ४१ वेळा झालं होतं. फेब्रुवारीत १९ वेळा. जॉब्स अजून पडतात, पण नव्या कारणांनी पडतात! आयटीत नसलेल्यांना हा विनोद वाटेल, पण मला एकट्याला हॉलमध्ये हसू आलं. मग त्या मुलाचे रेकॉर्ड काढले, जरा भीतभीतच. नोव्हेंबरनंतर त्याच्या हातून तसली चूक झालेली नव्हती. आणि जानेवारीपासून त्यानं टीमच्या ग्रुपवर प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. आठवड्यात एक, कधी दोन. मी त्यांतल्या तिनांना नुसता अंगठा टाकला होता.

सोमवारी मी नाव दिलं नाही. मेल लिहिली. त्यात हे आकडे टाकले, आणि नोव्हेंबरची चूक माझ्या रिव्ह्यूतून सुटली होती हेही लिहिलं. पाठवायच्या आधी माउसवर बोट ठेवून मी किती वेळ बसलो होतो ते सांगत नाही. शेवटी लिहिलं की जूनपर्यंत पुनरावृत्ती दहाच्या खाली आली नाही, तर पहिलं नाव माझं धरा.

दोन तास उत्तर नाही. मग आलं: "ओके. जून. रिव्ह्यूबद्दल आपण वेगळं बोलू." पोटात गोळा अजून आहे, कारण ते वेगळं बोलणं अजून झालेलं नाही.

संध्याकाळी त्या मुलाला म्हटलं, उद्यापासून रोज अर्धा तास माझ्या शेजारी बसायचं, तुझा कोड तू मला वाचून दाखवायचास. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "सर, माझं काही चुकलंय का?" म्हटलं, "नाही रे. आणि सर म्हणू नकोस. माझं चुकलंय, मी नीट वाचत नाही." तो कसनुसा हसला. विश्वास बसला नसावा. नॉर्थ टेक्सासवर जिंकल्यावरसुद्धा कुणाचा बसला नव्हता.

मोठी भाषणं करायला मला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर जूनमध्ये काय होईल मला माहीत नाही. तो मुलगा स्वतःच कंटाळून सोडून जाईल. किंवा मला काढतील. किंवा कँटीनमध्ये आम्हाला 'डबा'च म्हणत राहतील. स्नायडर २००५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा आधीची दोन वर्षं ४-७ आणि ५-६ अशी घसरलेली होती, स्टेडियमला मात्र त्यांच्या घराण्याचं नाव लागलेलं. तीन वर्षांत टीम पुन्हा ढेपाळली आणि २००९ च्या सीझनला, ६९ व्या वर्षी, हा माणूस पुन्हा तेच काम करायला परत आला. २०१२ मध्ये पुन्हा गटाच्या विजेतेपदात वाटा. म्हणजे एकदा उभं केलं की झालं, असंही नाही.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर. निकाल माहीत असलेली मॅच मी बघतो, कारण तिथं सबुरी सोपी असते. ०-७ नं मागे असताना घाम फुटत नाही, पुढे ३५ येणार हे माहीत असतं. १९८९ च्या डिसेंबरात गार बाकड्यावर १-१० वाल्या टीमचं पुढच्या वर्षीचं तिकीट काढणाऱ्या म्हातारबाबांकडे हा रेकॉर्डिंगचा आधार नव्हता. तरी त्यांनी ते काढलं.

हे मी आज सकाळी चहा पिताना आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू दहावीला गणितात ३८ मार्क घेऊन आला होतास सहामाहीला. आठवतंय?"

आठवतंय. असो. पुढच्या शनिवारी भेटू. तोपर्यंत रोज अर्धा तास, चौथ्या पानापर्यंत.